निळ्या पाण्याचा संशय

फार निळे, फार नितळ पाणी दिसले की मला अजूनही संशय येतो. मी ज्या तलावात पोहायला शिकलो आणि पुढे शर्यतींना उतरलो, तो हिरवा होता. नुसता हिरवट नव्हे. मेथी शिजवून तिचे पाणी गाळून ठेवावे तसा! चैत्रात तळाच्या काळ्या पट्ट्या दिसत, वैशाखात त्या अंदाजाने ओळखायच्या आणि ज्येष्ठात त्यांच्यावर श्रद्धा ठेवायची.

आमचे जिल्ह्याचे गाव, १९९० नंतरची ती वर्षे आणि पहाटे साडेपाचची वेळ. तलावावरचा माणूस ब्लीचिंग पावडर कालवलेली बादली काठावरून सरळ ओतून देई. ती ज्याच्या बाजूला पडे, त्याचे डोळे दिवसभर लाल. "रात्रभर जागलास की काय रे?" आई विचारी. दोष आम्ही बिचाऱ्या क्लोरीनला देत असू. पुढे कळले, की डोळे झोंबतात आणि तो उग्र वास येतो, तो नुसत्या क्लोरीनने नव्हे. क्लोरीनचा घामाशी आणि (दिवाळीच्या दिवसांत हे लिहू नये, पण लिहितो) लघवीशी संयोग होऊन जी संयुगे बनतात, त्यांनी. हे ज्ञान तेव्हा झाले नाही, ते एक बरेच झाले.

मार्ग आखायला काथ्याचे दोर होते आणि त्यांना तेलाचे रिकामे डबे बांधलेले. चांगल्या तलावात दोर आणि काठाच्या पन्हळी लाटा गिळून टाकतात. आमच्याकडे शेजाऱ्याची लाट भिंतीवर आपटून परत येई आणि नेमकी श्वास घ्यायच्या वेळी तोंडात शिरे. उताणे पोहणाऱ्याला भिंत जवळ आली हे कळावे म्हणून पाच मीटरांवर पताका लावतात. आम्हाला काठावरच्या कडुलिंबाची एक फांदी होती. ती डोक्यावरून गेली की मोजून चार हात मारायचे. ऐन स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणीतरी ती छाटली, आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्या डोक्याला टेंगळे आली.

अर्थात मोठमोठ्यांचेही असे हाल झालेले आहेत. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये शर्यती उघड्या समुद्रात झाल्या. हंगेरीचा आल्फ्रेड हायोश गारठ्यापासून बचाव म्हणून अंगाला चरबी चोपडून उतरला आणि दोन शर्यती जिंकला. २०१६ साली रिओला सूर मारण्याच्या तलावात कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, त्याने क्लोरीन निकामी झाले आणि पाणी हिरवेगार! टीव्हीसमोर मी जवळजवळ उभाच राहिलो. अगदी आमचा तलाव.

तेव्हा हिरवेपणाचे मला काही वाटत नाही. डाचते ते निराळेच.

आमच्यात एक गवळ्याचा मुलगा होता. दुधाचा पहिला रतीब घालून तो पोहायला येई. फलकाप्रमाणे आमचा तलाव पंचवीस मीटरांचा. चार वेळा ओलांडला की शंभर मीटर. हे अंतर तो एक मिनिट दोन सेकंदांत कापी. राज्य स्पर्धेत हा नाव काढणार आणि मग खेळाडू म्हणून कुठेतरी नोकरीला लागणार, हे त्याच्या घरी ठरूनच गेले होते. १९९५ साली आम्ही त्या स्पर्धेला गेलो. पन्नास मीटरांचा तलाव, काचेसारखे पाणी. त्याला एक मिनिट नऊ सेकंद लागले. "घाबरलास तू," सर एवढेच म्हणाले. परत आल्यावर तो पुन्हा कधी तलावावर आला नाही.

दोन वर्षांनी दुरुस्ती निघाली आणि कंत्राटदाराच्या माणसांनी फीत लावली. लांबी भरली २२ मीटर ८६ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर पंचवीस यार्ड! तलाव जुन्या मापाचा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, त्यानंतर कधीतरी रंगाऱ्याने फलकावरचा यार्ड पुसून मीटर लिहिला असावा. फीत मात्र कुणी लावली नाही. आमचे शंभर मीटर साडेआठ मीटरांनी तोकडे होते.

सर त्याच दिवशी त्याच्या घरी गेले. मी बरोबर होतो. तो किटल्या विसळीत होता. सरांनी सारे सांगितले.

"म्हणजे किती सेकंद, सर?"

"सहा तरी. वर लांब तलावात भिंतीचा रेटा कमी मिळतो, त्याचा एखादा."

त्याने मनाशी हिशेब केला.

"म्हणजे मी घाबरलो नव्हतो तर," तो म्हणाला, आणि किटल्या सायकलला अडकवून पलीकडच्या आळीला निघून गेला.