गंजलेल्या नळ्या

अमेरिकेतील मिशिगन, ओहायो यांसारख्या बर्फाळ राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते आणि त्याचे खारट पाणी जुन्या मोटारींच्या पोटाखालील पोलादी नळ्या वर्षानुवर्षे कुरतडत राहते. स्वयंचलित गिअरपेटीतील तेल, जे वंगणाचे काम करते आणि क्लच दाबून धरण्यासाठी दाबही पुरवते, तापल्यावर या नळ्यांतूनच रेडिएटरमधील शीतकाकडे, म्हणजे त्याची उष्णता काढून घेणाऱ्या भागाकडे जाते व निवून परतते. वरवर नळी धडधाकट दिसते; पण तिला धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली, जिथे चिखल साचून राहतो, तिथे गंजाचा पापुद्रा नखाने सुटतो आणि त्यामागून लाल तेलाचा एक थेंब हळूहळू फुगत जातो. इतकी वर्षे निमूटपणे चाललेल्या यंत्राचे झिजणे त्या थेंबात प्रथमच दिसते, आणि पाहणाऱ्याचे मन उगाचच हळवे होते.

दुरुस्तीत खरी कसोटी जोडाच्या नटापाशी लागते, कारण तो नळीला इतका धरून बसलेला असतो की फिरवताच नळीही पिळवटते. तांबे-निकेल मिश्रधातूची नवी नळी मात्र हाताने वळते आणि मिठाला दाद देत नाही. गळती तशीच राहून तेल घटले की क्लच घसरतात आणि गिअरपेटी निकामी होते. म्हणून हिवाळा सरताच जुन्या गाडीखाली वाकून या नळ्या अवश्य पाहाव्यात.