चांदीचा फ्यूज

माझी मोटरसायकल वयाने माझ्यापेक्षा फार लहान नाही. ती कोणत्या कारखान्यातली, हे मात्र मी सांगणार नाही. चाळिशीला आलेल्या बाईच्या दुखण्याचा ठपका तिच्या माहेरावर ठेवणे बरे नव्हे. आणि खरे सांगायचे तर तिची बहुतेक दुखणी सासरी, म्हणजे माझ्याकडे आल्यावरच सुरू झाली आहेत.

या दुखण्यांपैकी मला सर्वांत छळले ते फ्यूजने. फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढी काचेची नळी आणि तिच्या पोटात केसासारखी बारीक तार. ठरल्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली की ही तार वितळते आणि विजेची वाट बंद होते. आयुष्यात एकच काम, आणि तेही मरूनच करायचे! पण हा मोठा विचार मला आज सुचतो आहे. त्या दिवसांत मी फ्यूजला नुसत्या शिव्या देत होतो.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मी आणि माझा धाकटा मुलगा तानसाहून आटगावकडे निघालो होतो. अंधार पडला होता. तानसाचा रस्ता अभयारण्यातून जातो. दोन्ही बाजूंना साग नि ऐन यांची दाटी. १८९२ सालापासून इथले धरण मुंबईची तहान भागवीत आले आहे. रस्त्यावर उजेड पाडण्याचे काम मात्र त्याच्याकडे कुणी सोपविलेले नाही. एका वळणावर दिवा विझला आणि इंजिनही थांबले. माझ्या गाडीची ठिणगीसुद्धा बॅटरीवरच, त्यामुळे फ्यूज गेला की सगळेच गेले. त्या दिवसातला तो तिसरा फ्यूज. जवळ चौथा नव्हता.

पण युक्ती होती. सकाळीच एका चहावाल्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी माझ्या हातावर ठेवली होती. "गुरुजी, ही फ्यूजवर गुंडाळा. जन्मात उडणार नाही." मी गुंडाळली. एका लाथेत गाडी सुरू झाली. मुलगा टाळ्या वाजवू लागला, आणि मीही एखादा शोध लावल्यासारखा ऐटीत बसलो.

चहावाल्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. फ्यूज उडाला नाही. पुढच्या डाव्या वळणावर मुलगा म्हणाला, "बाबा, काहीतरी जळतंय." खाली पाहिले, तर टाकीखालून धूर येत होता. वर पेट्रोल, खाली पेटणारी तार आणि मागे माझा नऊ वर्षांचा मुलगा! त्याला कसे उतरवले, बॅटरीची तार कशी ओढून तोडली, हे मला नीट आठवत नाही. बोटांवरचा डाग तेवढा आठवण देतो. आटगावपर्यंत आम्ही गाडी ढकलत आलो. मुलगा वाटेत एक शब्द बोलला नाही. तो रागावला असता तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या मिस्त्रींनी चांदीचा काळवंडलेला तुकडा चिमटीत धरून माझ्याकडे पाहिले. "फ्यूज ओरडत होता गुरुजी. तुम्ही त्याच्याच तोंडात बोळा घातलात होय?"

मग त्यांनी आधी जळालेल्या तारेला तात्पुरता जोड दिला, सारे दिवे बंद ठेवले आणि फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडला. तो लागला नाही. त्यांनी हँडल उजवीकडे वळवले, काही नाही. डावीकडे वळवले मात्र, आणि बल्ब भक्कन पेटला. दुखणे सापडले. पुढच्या दिव्याकडे जाणारी तार हँडलच्या मानेशी वर्षानुवर्षे घासून उघडी पडली होती आणि डावे वळण आले की लोखंडाला टेकत होती. त्यातून माझी गाडी ६ व्होल्टची. ३५ वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर वीज लागते, ६ व्होल्टवर सुमारे ६. म्हणजे जुन्या तारांवर दुप्पट ओझे. गंजलेले जोड त्यामुळे अधिकच तापतात. मिस्त्रींनी नवी तार घातली, तिच्यावर नळी चढवली आणि नवा फ्यूज बसवला. खर्च चहापाण्याएवढा.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सुट्टी संपून शाळा उघडली आणि मी हजेरीपट हातात घेतला. आमच्या भागात दिवाळी झाली की कातकरी पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. वर्गातले सहा पाट रिकामे होते. दर वर्षी होत. आणि दर वर्षी मी त्या नावांपुढे हजेरीची खूण करीत आलो होतो. नावे टिकतात, पट भरलेला दिसतो, कुणी प्रश्न विचारीत नाही. मुलांचे भलेच करतो आहोत अशी माझी समजूत होती. त्या दिवशी पेन उचलले आणि नाकाला जळल्याचा वास आला.

मी सहाही नावांपुढे गैरहजर लिहिले. मग प्रश्न आले, खुलासे आले, चार बोलणीही खावी लागली. पण त्या प्रश्नांमुळेच पाड्यावर जाणे झाले. दोन मुली आजीपाशी राहिल्या. तिघांना शिक्षण हमी कार्ड देता आले. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येते. सहाव्याचा पत्ता मात्र उशिरापर्यंत लागला नाही. होळीनंतर तो परत आला, तेव्हा बेरजा विसरला होता. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

यंदाची दिवाळी आता दाराशी आली आहे. मुलगा माझ्यामागे बसतो, पण निघण्यापूर्वी न चुकता विचारतो, "बाबा, फ्यूज खरा आहे ना?"

मी खिशातल्या दोन नळ्या काढून दाखवतो. तेव्हाच तो पाय टाकतो.