सरकता बिंदू

वर्गासाठी सॉफ्टवेअर निवडताना सुरुवात पाठातल्या अडचणीपासून करावी लागते. मुले नेमकी कुठे अडतात हे शिक्षकाला ठाऊक असेल, तरच समोरचे साधन कामाचे की नुसते देखणे, ते ठरवता येते.

दहावीच्या भूमितीत एकाच कंसातले अंतर्लिखित कोन समान असल्याचे प्रमेय आहे. मुले ते घोकतात. पण फळ्यावरचे वर्तुळ हलत नाही, त्यामुळे ‘बिंदू कुठेही घेतला तरी’ यातले ‘कुठेही’ डोळ्यांना दिसत नाही. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेले जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर इथे उपयोगी पडते. जीवा स्थिर ठेवून बिंदू वर्तुळावरून सरकवत नेला, तरी ४० अंशांचा कोन ४० अंशांचाच राहतो. जीवेचे टोक ओलांडून बिंदू पलीकडच्या कंसावर गेला, की कोन एकदम १४० अंशांचा होतो. त्या टोकाशी शिक्षकाने हात थांबवावा आणि पुढे काय होईल ते मुलांना वहीत लिहायला सांगावे. अशी थांबायला जागाच न देणारे, प्रश्न विचारून उत्तरही लगेच सांगून टाकणारे साधन कितीही रंगीत असले, तरी ते वर्गात आणू नये.

विज्ञानात कोलोरॅडो विद्यापीठाचा, कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला फेट हा संगणकीय प्रतिकृतींचा प्रकल्प मोलाचा आहे. परिपथातून वाहणारे इलेक्ट्रॉन एरवी दिसण्याचा मार्ग नाही. इथे ते दिसतात. तरीही शाळेत विद्युतघट, तारा आणि बल्ब असतील, तर परिपथ आधी हातानेच जोडावा. न पेटणाऱ्या बल्बची सैल तार शोधताना जे कळते, ते पडद्यावर कळत नाही.

बाकीच्या कसोट्या व्यवहाराच्या. वर्गात एकच फोन असेल, तर प्लिकर्स चालते : मुले छापील कार्ड हवी ती बाजू वर करून धरतात, शिक्षकाचा कॅमेरा उत्तरे टिपतो. इंटरनेट बेभरवशाचे असेल, तर आधी उतरवून ठेवता येणारी साधनेच घ्यावीत; फेटच्या बऱ्याच प्रतिकृती तशा मिळतात, काही मराठीतही. पडद्यावरच्या संज्ञा पाठ्यपुस्तकातल्या संज्ञांशी जुळतात का, हे मात्र बारकाईने पाहावे. मुलांची नावे आणि जन्मतारखा मागणारे ॲप शक्यतो टाळावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

शेवटी, तासाच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत पडदा लावून, शिक्षकाने मागच्या बाकावर बसून कोनाचा आकडा वाचता येतो का ते पाहावे.