वरचें भिंग, खालचें भिंग

विट्याच्या आमच्या घरीं थोरल्या काकांचा एक दोन भिंगांचा कॅमेरा आहे. १९२९ सालीं जर्मनींत निघालेल्या रोलायफ्लेक्सच्या धर्तीवर पुढें अनेक देशांत असे कॅमेरे झाले. त्यांत १२० क्रमांकाची रुंद फिल्म घालून बारा चौकोनी चित्रें घेतां येतात. काका वारल्यावर आम्हीं तो कातडी पेटींत घालून, वर फडका गुंडाळून कपाटांत ठेवून दिला. वस्तु जपणें म्हणजे हेंच, अशी आमची समजूत.

१९९६ सालीं आजीचें सहस्रचंद्रदर्शन ठरलें, तेव्हां तो बाहेर काढला. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती, आणि एका सेकंदाला लावलेलें शटर मध्येंच अडकून राही. विट्याची हवा कोरडी खरी. पण कातड्यानें धरलेली पावसाळ्याची ओल बुरशीस पुरते. मंद गतीच्या चक्रांतील जुनें तेल घट्ट झालें म्हणजे शटर रेंगाळतें, हें आम्हांस कोठून ठाऊक असणार? आमचें गांव यंत्रमागांचें. यंत्र अडलें कीं तेल घालावें, एवढेंच आम्ही जाणत होतों. शिवणयंत्राच्या कुपींतील दोन थेंब आम्हीं शटरच्या फटींत सोडले. खट्खट् आवाज सुरेख येऊं लागला, आणि ठरविलेल्या फोटोवाल्यास आम्हीं मोठ्या ऐटीनें नको म्हणून कळविलें.

समारंभाच्या दिवशीं आजी जरीकाठी लुगडें नेसून पाटावर बसली. सुना ओवाळीत होत्या. वरच्या कांचेंत सर्व स्पष्ट दिसत होतें. आम्हीं बाराही चित्रें घेतलीं. फिल्म धुऊन आली ती साफ कोरी!

या कॅमेऱ्याचें वरचें भिंग केवळ पाहण्याचें. चित्र घेतें तें खालचें, आणि शटर असतें तेंही खालींच. तेल पसरून शटरचीं पातीं एकमेकांस चिकटलीं होतीं. आम्हीं परीक्षा केली ती कानांनीं, डोळ्यांनीं नव्हे.

आजी रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "अरे, जपलें म्हणतोस, पण इतक्या वर्षांत त्यास कधीं वारा तरी लागूं दिलास का?" पुढच्या पावसाळ्यांत ती गेली. त्या दिवसाचें एकही चित्र आमच्यापाशीं नाहीं.

पुढें एका जाणत्या कारागिरानें पातीं पेट्रोलनें धुऊन कोरडीं केलीं. पात्यांस तेलाचा थेंबही चालत नाहीं, असें त्यानें बजावलें. बुरशी निघाली, पण तिनें कांचेवर पाडलेले व्रण राहिले ते राहिलेच.

ज्यांच्या घरीं असा कॅमेरा असेल त्यांनीं फिल्म घालण्यापूर्वीं मागचें झाकण उघडावें, कॅमेरा उजेडाकडे धरावा, आणि प्रत्येक गतीवर कळ दाबून खालच्या भिंगांतून उजेड येतो कीं नाहीं तें स्वतः पाहावें. बुरशी तिरप्या उजेडांत दिसते. कॅमेरा कातडी पेटींत कोंडूं नये. आणि घरचें तेल, कृपा करून, शिवणयंत्रासच राहूं द्यावें.

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आमच्या घरचीं मुलें तो कॅमेरा ओसरीवर आणून सर्व गतींवर चालवून पाहतात. आजीस त्यांनीं पाहिलेलें नाहीं. तरीही एखादा रविवार चुकला, तर तीं एकमेकांस विचारतात, "वारा लागूं दिलास का?"