हा आकडा कोणी ठरवला?

काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेचा कारभार मी हाती घेतला, तेव्हा झाडांबद्दल विचारायला माणसे होती. ताण कधी तोडायचा, डिंक्याला काय लावायचे, हे बाबा सांगत. त्यांच्याही पलीकडचे काही असले, तर नागपुरातल्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत उत्तर मिळे. विक्रीबद्दल मात्र घरात कोणालाच काही सांगता येईना. बाबांनी आयुष्यभर बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला उक्ता दिला होता. स्वतःचा माल घेऊन नागपूरच्या कळमना बाजारात जाणारी घरातली मी पहिलीच.

आंबिया बहाराचे दिवस होते. शेडमध्ये संत्र्यांचे ढीग लागलेले, पायाखाली तणस. आडत्या ढिगापाशी उभा राहिला, भोवती खरेदीदार जमले आणि हर्रास सुरू झाली. एकाने ढिगाच्या पोटातून फळ उपसले, देठाशी अंगठ्याने दाबले, सोलून एक फोड तोंडात टाकली आणि टनाचा भाव बोलला. दुसऱ्याने थोडा चढवला. पुढचे मला नीट ऐकूही आले नाही, तोवर सारे पुढच्या ढिगाकडे सरकले होते. वर्षभराच्या राखणीचा निकाल लागला होता. हातात हिशोबाची पट्टी आली, तिच्यावर आकड्यांची रांग. मग मी दिसेल त्याला विचारत सुटले: हा आकडा कोणी ठरवला?

हमालीचा दर हमालांच्या संघटनेशी बोलून ठरतो, असे कळले. त्या संघटनांच्या लढ्यातूनच राज्यात १९६९ चा माथाडी कायदा आला. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला आपल्या कष्टाचा दर बसून ठरवता येतो, याचे मला फार मोल वाटले. आडतीचे उत्तर आणखी गुंतागुंतीचे. २०१६ च्या जुलैत राज्याने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. तेव्हा व्यापाऱ्यांच्या संघटनांनी ठिकठिकाणी बाजार बंद ठेवले होते. आपल्या पोटाशी आलेल्या निर्णयावर ते एका आवाजात बोलले. त्यांचे म्हणणे मला पटत नाही, पण त्यांची ताकद मी ओळखते.

राहिला मुख्य आकडा, भाव. शेजारच्या ढिगावरच्या एका वयस्क बागायतदाराने तो उलगडला. ‘ताई, तिकडं बॉर्डरवर गाड्या अडल्या का इथं भाव पडते.’ बॉर्डर म्हणजे बांगलादेशची. आपल्या संत्र्याचे ते सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक. तिथले आयात शुल्क २०१९ मध्ये किलोला २० रुपयांच्या घरात होते, ते चढत चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेले. बाहेर जाणारा माल देशातच राहिला, की कळमन्यात गर्दी होते आणि टनाचा भाव खाली येतो. ढाक्यात झालेला निर्णय काटोलच्या झाडापाशी येऊन पोचतो, आणि झाडाच्या मालकाला मात्र ढाक्याशी बोलायची सोयच नाही. एकटा बागायतदार कोणत्या दारात उभा राहणार?

बाजार समिती आहेच की, असे मला अनेकांनी सांगितले. १९६३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या समित्यांत साधारण अठरापैकी पंधरा जागा सेवा सोसायट्या आणि ग्रामपंचायतींतून निवडून येणाऱ्यांच्या, दोन व्यापारी-आडत्यांच्या आणि एक हमाल-मापाऱ्यांची. कागदावर पारडे शेतकऱ्याचेच जड. पण समितीचे काम आवारातले: काटा, लिलाव, सेस, पट्टी. शुल्क, रेल्वेचे डबे, रसाचा कारखाना, परदेशातला खरेदीदार, हे आवाराबाहेरचे सारे कोणी बघायचे? ते काम पिकाच्या स्वतःच्या संघटनेचे.

आणि विदर्भाला ही गोष्ट नवी नाही. ज्या ‘नोगा’चा जॅम आपण पोळीला लावत आलो, तो नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघाचा उद्योग. पुढे तो राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला. आज ‘महाऑरेंज’ ही उत्पादकांची संस्था प्रतवारी, वॅक्सिंग आणि निर्यातीच्या प्रश्नांवर काम करते. बांगलादेशच्या शुल्कावरून बागायतदारांनी ओरड लावून धरली, तेव्हा २०२३ च्या अखेरीस राज्याला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावे लागले. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

तरी नाशिक-सांगलीकडे पाहिले की आपण किती मागे आहोत ते कळते. तिथल्या द्राक्ष बागायतदारांचा राज्य संघ १९६० पासून उभा आहे. छाटणीपासून औषधाच्या अंशापर्यंत सगळ्याची चर्चा तिथे सभासद एकमेकांत करतात. १९९१ मध्ये उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी ‘महाग्रेप्स’ काढली आणि शीतगृहे, पॅकिंग, युरोपचे नियम यांचा भार एकत्र उचलला. द्राक्षही नाशवंतच, तिथला शेतकरीही थोड्या एकरांचाच. फरक पडला तो त्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी भरून, सभेला जाऊन, हिशोब मागून संघ जिवंत ठेवला म्हणून.

त्यामुळे मीही संत्रा उत्पादकांच्या संघटनेची सभासद झाले आहे, आणि मला काय हवे ते स्पष्ट आहे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीचा भाव रोज सकाळी प्रत्येक सभासदाच्या फोनवर यावा. प्रतवारीचे माप सगळ्यांचे एकच असावे. बारीक फळ मातीमोल न जाता रसाला जावे. दिल्लीत शुल्काची बोलणी होतील तेव्हा आमचा माणूस आकडे घेऊन तिथे असावा. सभेला बाया दिसत नाहीत; बागेत तोडणी-निवडीला मात्र निम्म्याहून जास्त त्याच असतात, तेव्हा त्यांनाही खुर्ची मिळावी. हर्राशीत उभ्या असलेल्या प्रत्येकामागे त्याची संघटना आहे. ज्याचा माल विकला जातो त्याच्यामागेही तेवढीच भक्कम संघटना उभी राहिली, तरच पट्टीवरचा आकडा ठरवताना आमचे मत विचारले जाईल.