दात आणि पाठ

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी धुऱ्यावरून भांडणे होतात, यात नवल नाही. काही वर्षांपूर्वी, ऐन कापूसवेचणीच्या दिवसांत, अशाच एका भांडणात माझ्या चुलतभावाचा दात पडला आणि चुलतीच्या पाठीत लाथाबुक्क्या बसल्या. भाऊ चौथ्या दिवशी शेतात गेला. चुलती बारा दिवस अंथरुणावर होती. कागदावर मात्र भावाची दुखापत ‘जबर’ ठरली, चुलतीची ‘साधी’. “दातापेक्षा पाठ सस्ती असती का रे बाबा?” तिने मला विचारले. घरात शिकलेला मीच.

तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार मोजून दिले होते. हाड वा दात मोडणे हा सातवा. आठव्यात २० दिवस तीव्र वेदना होणे किंवा नित्याची कामे न करता येणे. जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कैद. साधी दुखापत अदखलपात्र. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने विसाचे पंधरा केले. चुलतीचे बारा दिवस दोन्ही मापांत कमीच पडतात.

पुढे अमेरिकेतील एक निवाडा वाचनात आला. तेथे ‘हिंसक गुन्ह्या’त बंदूक वापरल्यास संघीय कायद्याने जादा शिक्षा होते. पण गुन्हा हिंसक आहे का, हे ठरवताना न्यायालय प्रत्यक्ष घटना पाहत नाही. त्या गुन्ह्याच्या व्याख्येनुसार काय सिद्ध करणे भाग आहे, तेवढेच पाहते. टेलर खटल्यात आरोपीच्या साथीदाराच्या गोळीने माणूस मेला होता. तरीही २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवले, की जबरी चोरीचा प्रयत्न हा हिंसक गुन्हा नव्हे. कारण धमकावण्याच्या बेताने निघालेला माणूस धमकी देण्याआधीच पकडला गेला, तरी तो प्रयत्न ठरतो.

वाचून प्रथम संताप आला. मग ध्यानात आले, की गुन्ह्याच्या ‘स्वरूपा’वरून हिंसा ठरवू देणारे कलम याच न्यायालयाने २०१९ साली मोघम म्हणून रद्द केले होते. मोघम शब्दांचा अर्थ शेवटी कोणाच्या तरी मर्जीवर ठरतो, आणि आमच्याकडे मर्जी कोणाकडे झुकते हे गावाला ठाऊक आहे. यादी आंधळी खरी. पण ती कोणाची किती एकर जमीन आहे हेही पाहत नाही.

चुलतीला एवढेच म्हणालो, “पाठ सस्ती नसते काकू, ती मोजता येत नाही.” ती काही बोलली नाही.