चाकुरांतील जर्मन धडे

लातुराहून अहमदपुराकडे जातांना वाटेंत चाकूर लागतें. सभोंवार काळी जमीन आणि तूर-सोयाबीनचीं शेतें. लातूररोड हें रेल्वेचें जंक्शन याच तालुक्यांतलें. पूर्वीं येथील लोक हैदराबादेकडे पाहत. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आल्यावर मुंबई-पुण्याकडे पाहूं लागले. आतां दृष्टि त्याहूनहि दूर गेली आहे, हें गेल्या दिवाळीस धाकट्या बंधूकडे उतरलों तेव्हां मला कळलें.

पुतणी परिचारिका झाली आहे. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशीं कुशल मनुष्यबळाविषयीं करार केला. तेव्हांपासून तिनें जर्मनीचा ध्यास घेतलेला. पण पोर रडकुंडीस आली होती. "काका, तीन लिंगें, चार विभक्ति, आणि समजावणें सारें इंग्रजींतून!" बंधूस मनांतून बरेंच वाटत होतें. "दादा, नाहीं जमत तर राहूं द्या. घरींच राहील."

मीं पुस्तक चाळलें. संस्कृत व्याकरणाच्या नादानें मीं थोडी जर्मन केली होती. दोष मुलीचा नव्हता. धडेच इंग्रजी बोलणारांसाठीं रचलेले. मेज पुल्लिंगी कसें, याचें त्यांना नवल. आपल्याकडे खांब तो, भिंत ती, घर तें, हें लहान मूलहि जाणतें. जर्मनांत मुलगी नपुंसकलिंगी, तर संस्कृतांत 'कलत्र' नपुंसकलिंगी आहेच. एकविसास तेहि 'एक आणि वीस' असेंच म्हणतात. त्यांचा उपसर्ग क्रियापदापासून सुटतो. वेदांतहि तो सुटा आढळतो. मात्र लिंगें आपल्याशीं जुळतीलच असें नाहीं: तेथें सूर्य स्त्रीलिंगी! म्हणून प्रत्येक नाम लिंगासह पाठ करणें प्राप्त.

मुंबईस अध्यापन केलेल्या ब्यूलर साहेबांनीं १८८३ सालीं जर्मन विद्यार्थ्यांसाठीं संस्कृतचे क्रमवार धडे प्रसिद्ध केले. मग आपल्या मुलींसाठीं मराठींतून जर्मन धडे आपण कां रचूं नयेत? आठ दिवसांत बारा धडे लिहिले. पुतणी ओसरीवर मोठ्यानें म्हणे. शेजारच्या दोन मुलीहि येऊन बसूं लागल्या. बंधु वर्तमानपत्राआडून ऐकत असे.

निघतांना त्यानें मला फाटकापाशीं हळूच विचारिलें, "दादा, 'परत ये' याला जर्मनांत काय म्हणतात?"

"कोम त्सुर्‍युक," मीं सांगितलें. "'परत' हा उपसर्ग आहे, तो सुटून शेवटीं जातो."

"सुटतो, पण वाक्यांतच राहतो ना?" तो म्हणाला.

तेरावा धडा मीं त्याच वाक्यानें आरंभिला.